जिऱ्याचे दोन भाव

लंडनच्या वेम्ब्ली किंवा टूटिंगसारख्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला एकाच सुपरमार्केटात जिरे दोन ठिकाणी सापडते: केकच्या साहित्याशेजारी काचेच्या छोट्या बरणीत आणि डाळी-तांदळाच्या ‘वर्ल्ड फूड्स’ विभागात मोठ्या पिशवीत. वजनाच्या हिशेबाने बरणीतले जिरे बहुधा कितीतरी महाग पडते. हा फरक मालाच्या दर्जापेक्षा गिऱ्हाइकामुळे पडतो, कारण बरणी घेणाऱ्याला वर्षाकाठी चमचा-दोन चमचे जिरे लागते आणि त्याच्या रास्त भावाची त्याला कल्पना नसते. पिशवी घेणारा मात्र भाव ओळखून असतो आणि तो पटला नाही तर वेम्ब्लीतल्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानाची वाट धरतो.

ब्रिटनमधील मोठ्या सुपरमार्केटांना शंभर पौंडांच्या विक्रीमागे साधारणतः दोन ते चार पौंडच नफा उरतो, आणि तोही सर्व मालावर सारखा बसवलेला नसतो. दूध, पाव, केळी यांचे भाव घरोघरी तोंडपाठ असल्यामुळे ते अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोटा सोसूनही विकले जातात, आणि ती कसर तयार जेवण किंवा चिरलेली फळे अशा, ज्यांचे भाव कोणी ताडून पाहत नाही, त्या वस्तूंवर भरून काढली जाते. स्वस्ताईचा भार पुरवठादारांवरही पडतो: आपल्याला दुधासाठी मिळणारा दर उत्पादनखर्चाहून कमी असल्याच्या निषेधार्थ ऑगस्ट २०१५ मध्ये शेतकऱ्यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या एका सुपरमार्केटात गायी नेल्या होत्या. याखेरीज मोक्याची जागा, सवलत योजना किंवा विक्रीचे ठरलेले उद्दिष्ट यांपोटी पुरवठादारांकडून रकमा घेतल्या जातात. या ‘व्यापारी उत्पन्ना’चे महत्त्व २०१४ मध्ये चव्हाट्यावर आले, जेव्हा ते मुदतीआधीच जमेस धरल्यामुळे नफ्याचा अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगल्याचे टेस्को या सुपरमार्केट साखळीला जाहीर करावे लागले.

नवख्या स्थलांतरितापाशी या व्यवस्थेत एकच भरवशाचे साधन असते, ते म्हणजे किमतीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेला दर किलोचा किंवा दर शंभर ग्रॅमचा भाव. तो दाखवणे बहुतेक मालासाठी कायद्याने बंधनकारक आहे. तरीही ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या २०२३ च्या पाहणीत मोजमापांची विसंगती आढळली आणि सवलतीच्या मालावर हा भाव पुष्कळदा नसल्याचेही दिसले. गिऱ्हाइकाला निवड सर्वाधिक घाईने करायला लावणाऱ्या मालावरच तो गाळला जाणे अन्यायाचे आहे, आणि ते होता कामा नये.