शिताचा भरवसा

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण खरी ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात आणि म्हण त्यांतली एकही सांगत नाही. तांदूळ एकाच वाणाचा हवा. आच पातेल्याला सगळीकडून सारखी लागलेली हवी. आणि पाहणाऱ्याचा प्रश्न एकच हवा, शिजला की नाही? एवढे असेल तर एक शीत पुरते, दुसरे चेपून पाहण्याची गरज नसते. विज्ञान कादंबऱ्या आणि फँटसीच्या ढिगातून पुढची कोणती उचलायची, हे ठरवताना आपण ही म्हण न उच्चारता वापरतच असतो. सुरुवातीची वीस-पंचवीस पाने, मलपृष्ठावरचा मजकूर, मिळालेले पारितोषिक, त्याच लेखकाचे आधी वाचलेले एखादे पुस्तक, ही सगळी शितेच आहेत. पातेले मात्र अवाढव्य. रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये लेखक वारले, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले आणि चौदावा खंड २०१३ मध्ये आला. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. इतक्या मोठ्या ऐवजात हात घालण्यापूर्वी कोणीही चाचपून पाहणारच. प्रश्न एवढाच, की चाचपताना आपल्याला कळते ते नेमके काय?

या साहित्यप्रकाराचे नशीब असे, की त्याची पहिली मोठी तक्रारच शिताबद्दलची होती. १९५० च्या दशकात थिओडोर स्टर्जन या अमेरिकन लेखकाने समीक्षकांवर आक्षेप घेतला तो असा : हे लोक विज्ञानकथांतली सर्वांत वाईट कथा उचलतात आणि तिच्यावरून सगळा प्रकारच टाकाऊ ठरवतात. यातले नव्वद टक्के लेखन कचरा आहे, हे स्टर्जननी मान्यच केले. पण नव्वद टक्के तर कशातलेही कचराच असते, अशी पुस्ती जोडून त्यांनी डाव उलटवला. बचाव म्हणून हे बिनतोड आहे. वाचकाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. स्टर्जन बरोबर असतील तर डोळे मिटून उचललेल्या दहा पुस्तकांतली नऊ वाया जाणार. म्हणजे समीक्षकाने शीत पाहून निकाल देऊ नये, आणि वाचकाने मात्र शीत पाहिल्याशिवाय पानावर बसू नये, असे दोन्ही एकदम खरे ठरते.

त्यातून हा प्रकार असा, की त्यात पहिले शीत बहुधा कच्चेच लागते. वास्तववादी कादंबरीत सदाशिव पेठेतला वाडा आला की वाडा उभा करायला लेखकाला फार शब्द खर्चावे लागत नाहीत, वाचक अर्धा वाडा घरूनच घेऊन येतो. परग्रहावरच्या कादंबरीत तसे भांडवल नसते. तिथे राजकारण, पाणी, धर्म, नाती सगळे पहिल्या पानापासून चालू असते आणि वाचकाला त्यातले काहीच माहीत नसते. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'ला शेवटी शब्दसूची जोडावी लागली, ती उगीच नव्हे. जीन वुल्फ यांच्या 'बुक ऑफ द न्यू सन'मध्ये आरंभीच्या प्रसंगांचा खरा अर्थ पुष्कळ पुढे गेल्यावर लागतो, काही जणांना दुसऱ्या वाचनात लागतो. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या आल्या, आणि तिचे चाहतेच नवख्याला सांगतात की पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नकोस, लेखकाला सूर पुढे सापडला. 'ड्यून' तर वीसेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. १९६५ मध्ये ती काढली ती मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनाने. परत पाठवणारे सगळेच काही अडाणी नसणार. त्यांनीही शीतच चेपून पाहिले असेल आणि ते खरोखरच कडक लागले असेल.

मग पारितोषिकांवर भिस्त ठेवावी, असे कोणी म्हणेल. तिथे निदान पुस्तक पूर्ण वाचून मत दिलेले असते, असे धरून चालू. ह्यूगो पारितोषिके १९५३ पासून आहेत. पण १९५५ चा ह्यूगो 'दे'ड रादर बी राइट' या कादंबरीला मिळाला, आणि आज तिचे नाव निघते ते बहुतेक वेळा हा ह्यूगोचा सर्वांत वाईट निकाल होता हे सांगण्यासाठीच. उलट १९६६ मध्ये 'ड्यून' आणि रॉजर झेलाझनी यांची कादंबरी यांच्यात ह्यूगो विभागून दिला गेला. वीस जणांच्या नकारानंतरचा हा होकार होता. २०२३ मध्ये आर. एफ. क्वांग यांच्या 'बाबेल'ला नेब्युला हे दुसरे पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी चेंगडूला दिल्या गेलेल्या ह्यूगोच्या यादीत ती नव्हती. पुढच्या जानेवारीत मतांचे आकडे बाहेर आले, तेव्हा कळले की पुरेशी नामांकने असूनही तिला कारण न देता अपात्र ठरवले होते. एकाच पातेल्याविषयी दोन पंगतींचे असे दोन निकाल. पारितोषिक हाही नमुनाच असतो. त्या वर्षी त्या गावी कोण मतदार होते, याचा तो नमुना असतो.

नमुना म्हटल्यावर संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. कादंबऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही, पण शितावरच्या भरवशाची इतकी कसून झाडाझडती दुसऱ्या मराठी माणसाने क्वचितच घेतली असेल. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे १९४० च्या दशकात दिल्लीला शेतकी संशोधन परिषदेत होते. देशात धान्य किती पिकते, हा तेव्हा अक्षरशः पोटाचा प्रश्न होता. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचे शास्त्र उभे केले होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडायची, उभ्या पिकात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढेच कापायचे, तोलायचे आणि त्यावरून साऱ्या मुलखाचा अंदाज बांधायचा. तुकडा जितका लहान तितका खर्च कमी. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांचा आक्षेप या लहानपणावरच होता. लहान तुकड्यात उत्पन्न नुसते चुकते असे नाही, ते जास्तीच्या बाजूने चुकते, असे सुखात्म्यांनी १९४६-४७ मध्ये दाखवले. एक मीटर बाजूच्या चौरसात दर चौरस मीटरमागे चार मीटर काठ येतो. दहा मीटर बाजूच्या चौरसात तोच काठ चाळीस सेंटिमीटर उरतो. काठाच्या रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याने ठरवायचे असते, आणि माणसाचा कल आत धरण्याकडे असतो. काठ जास्त तिथे ही खिरापतही जास्त. माणसे नीट शिकवून तयार केली की हा दोष राहत नाही, अशी महालनोबिसांची बाजू होती, आणि तो वाद बराच काळ चालला.

हे वाचताना पहिल्यांदा जाणवते ते असे, की नमुन्याची आपल्याला वाटत होती ती भीती अर्धीच होती. नमुना लहान म्हणजे अंदाज डळमळीत, इतके कोणालाही कळते. डळमळीत अंदाज पुष्कळ घेतले की सरासरीत ते एकमेकांना सावरतात. एका बाजूला झुकलेला अंदाज मात्र हजार वेळा घेतला तरी झुकलेलाच राहतो. पुस्तकांच्या बाबतीत तर दोन झुकाव आहेत आणि ते उलट दिशांचे आहेत. मलपृष्ठ आणि पारितोषिक पीक जास्त दाखवतात, पहिली पंचवीस पाने कमी दाखवतात. दोन्ही एकत्र केली की बरोबर मध्य निघेल, अशी आशा वाटते खरी. पण त्यासाठी दोन्ही झुकाव सारख्या मापाचे असावे लागतील, आणि तसे असण्याला काहीच कारण दिसत नाही. वाचकांनी दिलेले पाचपैकी साडेचार तारे पाहिले की मला नजरअंदाज पैसेवारी आठवते. बांधावर उभे राहून पीक पाहायचे आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर ते लिहायचे. तिच्यात गावाच्या दुष्काळाचा प्रश्न गुंतलेला असतो म्हणून तिच्याबद्दल भांडणे तरी होतात. ताऱ्यांबद्दल तेवढे कोणी भांडत नाही.

यावर एक रोखठोक आक्षेप येईल. आयुष्य थोडे आहे, शास्त्र पुरे, काहीतरी नियम सांगा. नियम आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये आपल्या गणिताच्या सदरातून एक कोडे लोकांपुढे आणले. उमेदवार एकामागून एक येतात, नाकारलेला परत बोलावता येत नाही, तर सर्वोत्तम उमेदवार पदरात पडण्याची शक्यता जास्तीत जास्त कशी करावी? उत्तर असे, की पहिले सुमारे ३७ टक्के नुसते पाहून सोडून द्यावेत आणि मग त्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला येईल तो धरावा. ऐकायला हे फार समाधानकारक आहे. पण कोड्याचा सगळा जोर नाकारलेला परत येत नाही या अटीत आहे, आणि पुस्तके परत येतात. अर्ध्यावर टाकलेली कादंबरी दहा वर्षे कपाटात थांबते, तिचा काही अपमान होत नाही. शिवाय त्या कोड्यात उमेदवारांचा क्रम पाहता क्षणी लावता येतो. इथे तो क्रम लावण्यासाठीच आधी वाचावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा आहे. पाने सोडा, लेखक पाहा. एकदा ज्याने निराश केले नाही तो पुढेही करणार नाही. यात तथ्य आहे, पण नावाची आच शिताला किती लागते, याची दोन उदाहरणे विसरता येत नाहीत. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी जेम्स टिप्ट्री या लेखकाच्या कथांना प्रस्तावना लिहिताना हे लेखन उघडच पुरुषाचे आहे असा निर्वाळा दिला. दोनेक वर्षांत उघड झाले, की टिप्ट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. कथा त्याच होत्या. आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावाने, कारण जयंत नारळीकरांना आपल्या नावाचे वजन त्या कथेवर पडू द्यायचे नव्हते. कथेला पारितोषिक मिळाले. परीक्षकांना मिळाले ते निव्वळ शीत आता आपल्याला मिळू शकत नाही, 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' हाती घेताना नारळीकर हे नाव आधी वाचले जाते. मराठीत विज्ञान कथा उदंड आणि कादंबऱ्या मोजक्या, त्यामुळे हे पातेले कोणीही मन लावून संपवू शकेल आणि निवडीची गरजच उरणार नाही. ही सोय मानावी की उणीव, हेही मला नीटसे ठरवता येत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' १९६९ ची. कायमचे स्त्रीत्व किंवा पुरुषत्व नसलेली माणसे तिच्यात आहेत, आणि त्यांच्यासाठी लेखिकेने पुल्लिंगी सर्वनाम वापरले. १९७६ च्या एका निबंधात ले ग्विन यांनी या निवडीचे समर्थन केले, आणि सुमारे दहा वर्षांनी त्याच निबंधाला टिपा जोडून त्यातले बरेचसे समर्थन मागे घेतले. पुस्तकातले एक अक्षरही मधल्या काळात हलले नव्हते, पारितोषिके मिळून गेली होती, आणि जिने ते रांधले तिचाच निकाल बदलला. असे असेल तर पंचवीस पानांवरून आज मी काढलेला निकाल पुस्तकाबद्दल आहे, की आजच्या माझ्याबद्दल? सुखात्म्यांचे पीक निदान कापणाऱ्याकडे पाहून बदलत नव्हते. त्यांना साऱ्या मुलखाची सरासरी हवी होती, मला एकच पुस्तक हवे आहे, आणि सरासरीसाठी योग्य ठरलेली चिठ्ठ्यांची पद्धत एका निवडीसाठी योग्य असेलच असे नाही. तरीही रेषेवरच्या रोपाचा विचार सुटत नाही. शेतात ते आत धरणे हा दोष होता. वाचनात, ज्याच्याबद्दल खात्री नाही असे पुस्तक आत धरणे हा दोष धरायचा, की तेवढ्यासाठीच ही पुस्तके वाचायची? दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि बोलू लागलो की ज्या बाजूने बोलतो आहे ती मला थोडी कमी पटू लागते.