विज्ञानदिनीं गणेशखिंडींत

पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यानें गेलें म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा पूर्वीं जेथें पावसाळी निवास असे, तें विस्तीर्ण आवार लागतें. १९४९ सालीं स्थापन झालेलें पुणें विद्यापीठ येथें आहे. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठीय केंद्र, ज्यास लोक 'आयुका' म्हणतात, तेंही याच आवारांत आहे. १९२८ सालच्या २८ फेब्रुवारीस कलकत्त्यांत चंद्रशेखर वेंकट रामन यांस प्रकाशाच्या विखुरण्यांतील नवा परिणाम आढळला. त्या स्मरणार्थ १९८७ पासून विज्ञानदिन पाळतात, व त्या दिवशीं हें केंद्र सर्वांस खुलें असतें.

आमच्या धाकट्या बंधूंची नात नववींत आहे. व्याख्या तिला मुखोद्गत. तथापि 'पदार्थविज्ञान मला जमणार नाहीं' असा निर्वाळा तिनें घरीं देऊन टाकला होता, आणि शाखा निवडण्याची वेळ तर जवळ येत चाललेली. म्हणून मी तिला घेऊन गेलों.

मुलांच्या मेजावर एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक व लेप दिलेली तांब्याची तार, इतकेंच साहित्य होतें. तिनें तारेचें वेटोळें करून पिनांवर ठेविलें. तें एक हिसका देऊन थबकलें. "आजोबा, पुस्तकांत तर फिरतें!" ती कुजबुजली. शिकविणाऱ्या तरुणानें हात न लावतां सांगितलें, "तारेचीं टोकें पहा." तिनें दोन्ही टोकें सर्व अंगांनीं खरवडलीं होतीं. त्यामुळें अर्ध्या फेऱ्यांत मिळालेली ओढ उरलेल्या अर्ध्यांत उलटत होती. एका टोकाचा लेप अर्ध्या अंगास राहूं दिला कीं तेवढा वेळ प्रवाह तुटतो, व वेटोळें आपल्याच वेगानें पुढें जातें. हें ताडून तिनें दुसरें वेटोळें केलें, आणि तें गरगर फिरूं लागलें.

पुढें फूकोचा लंबक पाहिला. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते हें आर्यभटानें सांगितलें. त्याचा पुतळा येथेंच आहे. तें फिरणें १८५१ सालीं फूकोनें पॅरिसमध्यें अशा लंबकानें लोकांस दाखविलें. ध्रुवावर लंबकाच्या झोक्याची दिशा एका दिवसांत पूर्ण वळेल. पुण्याच्या साडेअठरा अक्षांशांवर तीस सुमारें ७५ तास लागतात. "म्हणजे तासाला पावणेपांच अंश," मुलीनें हिशेब केला. तो तिला कोणी विचारला नव्हता.

दुपारीं विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत गेलों. सोडियमच्या दिव्याचा एकच पिवळा भासणारा उजेड यंत्राच्या दुर्बिणींतून दोन रेषांत दिसला. त्यांच्या तरंगांची लांबी ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर. "जोडी कां?" असें मुलीनें विचारतांच तेथील विद्यार्थिनी खुर्ची ओढून बसली, व अणूंतील इलेक्ट्रॉनाच्या फिरकीमुळें ऊर्जेची एक पायरी दोहोंत कशी विभागते, तें तिनें समजाविलें. सारें उमगलें असें नाहीं. पण प्रश्न आपला होता, हें मुलीच्या मुद्रेवर दिसत होतें.

न्यायशास्त्रांत अनुमान हें प्रत्यक्षपूर्वक सांगितलें आहे. आमचीं मुलें मात्र अनुमानापासून आरंभ करितात, आणि मग 'जमत नाहीं' म्हणतात. ज्या घरीं असें मूल असेल, त्यांनीं येत्या विज्ञानदिनीं त्यास अवश्य न्यावें. तें न साधल्यास सेल, चुंबक व तार आणून द्यावी. मात्र तार मुलानेंच खरवडावी, आणि वडील मंडळींनीं तेवढा वेळ हाताची घडी घालून बसावें.