पाठ लागली तरी चालेल

कुस्तीत गुडघा जातो तो बहुधा पाय रोवलेला असताना. ढाक हा डाव मारताना तळवा मातीत घट्ट बसतो, कमरेपासून वरचं अंग वळतं आणि त्या पिळाचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. माझा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, असाच तुटला. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या बाजूचा कंडरा काढून त्या जागी बसवला.

खरी परीक्षा दुखणं थांबल्यावर सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत सूज ओसरते, जिना सहज चढता येतो आणि हौदा बोलावू लागतो. नेमका त्याच सुमारास बसवलेला कंडरा सगळ्यात कमकुवत असतो, कारण शरीर त्याची आतून नव्यानं बांधणी करत असतं. त्या कमकुवतपणाची कळ येत नाही. म्हणून परतीचा दिवस दुखण्यावरून नव्हे, मोजून ठरवावा. निदान ९ महिने झुंज नाही. त्यानंतरही मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी धडधाकट पायाच्या ९० टक्के तरी भरली पाहिजे. कुस्तीगीर विनेश फोगाट ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या आखाड्यातून गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली. मे २०१७ मध्ये तिनं दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं रौप्य जिंकलं, २०१८ मध्ये जाकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण. मधल्या महिन्यांची मेहनत कुणी पाहत नाही. पदकं तिथंच घडतात.

हौद्यात उतरल्यावरही पायरी सोडायची नाही. आधी जोर आणि बैठका. मागच्या मांडीचा व्यायाम वेगळा आणि जास्त, कारण नडगीला पुढं सरकण्यापासून तीच आवरते आणि कंडरा तिच्यातूनच गेलेला असतो. मग खालची कुस्ती, मग पट. खडाखडी त्यानंतर, टांग आणि ढाक सगळ्यात शेवटी. जोडीदार वजनाला जुळणारा आणि हात सैल ठेवू शकणारा हवा. तापट पोरगं कितीही गुणी असलं तरी या काळात नको.

आणि एक गोष्ट मी आता पोरांना आवर्जून सांगतो. पाय अडकला, अंग फिरू लागलं, की सरावात पडून घ्यावं. पाठ लागू नये म्हणून रोवलेल्या पायावर अडून राहण्यातच गुडघे जातात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, हजारो लोकांसमोर, त्या हट्टाला मोल आहे. तालमीत रोज सकाळी पडून उठणारा पैलवानच त्या मैदानापर्यंत पोचतो.