सात प्रश्नचिन्हं

रात्री दीड वाजता माझं गाव सात प्रश्नचिन्हं होऊन पडद्यावर उभं राहिलं.

काम तसं किरकोळ होतं. कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे घरपोच पाठवणाऱ्या एका दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. नवरात्र तोंडावर आलं होतं, ऑर्डरी वाढणार होत्या आणि दुकानदारानं दिवसभरात तिसऱ्यांदा फोन केला होता, ‘भाऊ, यादीत अजून जुनंच नाव येतंय बघा.’ २०२३ साली आमच्या शहराचं आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी बदललं, पाट्या रंगल्या, शिक्के नवे झाले. ऑर्डरच्या फॉर्मातली आमची जिल्ह्यांची यादी तेवढी मागं राहिली होती. यादी रोमन लिपीतली. म्हटलं, बदलायचंच आहे तर आपल्या लिपीत बदलू. नाव टाइप केलं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. यादीच्या माथ्यावर, पहिल्या जिल्ह्याच्याही वर, हे:

???????

सात. मी बोटानं मोजली.

ही यादी ज्यात साठते तो डेटाबेसमधला तक्ता दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. नुकतं शिकून झाल्यावर, कुठूनतरी उतरवून घेतलेल्या चार ओळींतून बनवलेला. त्यामागची मायएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली स्वीडनमधल्या कंपनीची घडण. काही वेगळं सांगितलं नाही तर ती लॅटिन अक्षरं धरून चालायची, आणि तीही स्वीडिश वर्णक्रमानं लावून. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून तिची ती सवय सुटली. माझा तक्ता त्याच्या आधीचा. म्हणजे इतकी वर्षं भूम, परंडा, कळंब, उमरग्याची गिऱ्हाइकं माझ्या नकळत स्वीडनच्या बाराखडीत रांग लावून उभी होती. त्या बाराखडीत ध नाही. जे अक्षर ओळखीचं नाही, त्याच्या जागी ती एक प्रश्नचिन्ह टाकते आणि पुढं जाते, शिरगणतीला आलेल्या घाईतल्या कारकुनासारखी.

ध, काना, र, काना, श, वेलांटी, व.

त्या वेलांटीपाशी मी अडखळलो. ‘शि’ कागदावर बघा: वेलांटी श च्या आधी उभी असते, अंगणाच्या फाटकासारखी, आणि तिच्यातून आत गेलं की मग श भेटतो. पण यंत्राच्या पोटात आधी श साठतो, वेलांटी त्याच्या मागून येते. डोळ्याला वेलांटी आधी दिसते, कानाला श आधी ऐकू येतो, आणि यंत्र, कोण जाणे कसं, कानाची बाजू घेतं. चुकून श पुसला गेला तर वेलांटी एकटी उरते, आणि तिच्या शेजारी टिंबाटिंबांचं एक रिकामं वर्तुळ उमटतं. कुणाची तरी जागा राखून ठेवल्यासारखं.

कानाची बाजू घेणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. आजी. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि उभ्या जन्मात तिच्या तोंडून ‘उस्मानाबाद’ निघालं नाही. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्या नावानं गाव ओळखलं जायला लागलं. राज्य १९४८ च्या सप्टेंबरात गेलं, नाव कागदावर राहिलं, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर. आजीला पाटी वाचताच येत नव्हती. ती पदर सावरत चढायची आणि कंडक्टरला म्हणायची, ‘एक धाराशिव दे रं बाळा.’ तोही मुकाट्यानं उस्मानाबादचं तिकीट फाडायचा. दोघांच्या मध्ये, त्या एवढ्याशा टिकलीएवढ्या जागेत, काहीच चुकत नव्हतं.

मला स्वतःला दोन्ही नावं सख्खी. दहावीच्या मार्कलिस्टवर एक आहे, आजीच्या जिभेवर दुसरं होतं. आमच्या काळ्याभोर शेळीला आजही जग उस्मानाबादीच म्हणतं. ती राजपत्र वाचत नाही, पाला खाते. आणि पिनकोड, ४१३५०१, त्यानं तर या सगळ्यात मान वर करूनही बघितलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली.

राऊटरचा हिरवा डोळा मिटला, पंखा दोन गिरक्या जास्तीच्या घेऊन थांबला, आणि खिडकीतून भाद्रपदाचा ओला, सोयाबीनच्या पिकत्या शेंगांचा वास आत आला, त्याच्यामागून रातकिड्यांचा आवाज, त्याच्याही मागून हायवेवरच्या ट्रकची दूर जात राहणारी घरघर. वद्य पक्षातली रात्र, चंद्राचा पत्ता नव्हता. एकाएकी आठवलं, तुळजापुरात या दिवसांत देवी झोपलेली असते. तिची मूर्ती चल. नवरात्राच्या आधी तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती घोरनिद्रा. दसऱ्यानंतर पुन्हा, महिषासुराशी लढून दमली म्हणून, ती श्रमनिद्रा. पौषात आणखी एकदा, मोहनिद्रा. साक्षात भवानीला वर्षातून तीनदा रीतसर झोप आहे, तिच्या नोंदी आहेत, पलंग ठरलेला आहे, ती झोपली म्हणून कुणाचं काही अडत नाही. मी ज्या सर्व्हरची चाकरी करतो, तो कुठल्या खंडातल्या कुठल्या थंडगार खोलीत उभा आहे ते मी पाहिलेलं नाही; पण तो क्षणभर पेंगला तरी माझा फोन किंचाळतो. अंधारात तसाच बसून राहिलो. बऱ्याच दिवसांनी हातांना काही काम नव्हतं.

बरं वाटलं.

लाइट आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. दुसरं काम शिल्लक होतंच: पानांचे पत्ते. ‘उस्मानाबादमध्ये घरपोच पेढे’ असं एक पान वर्षानुवर्षं होतं. ते आता धाराशिवच्या नावानं नव्या पत्त्यावर न्यायचं, आणि जुन्या पत्त्याच्या दारात एक निरोप्या बसवायचा. वेबच्या भाषेत अशा निरोपाला आकडे आहेत. ३०१ म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं. ३०२ म्हणजे तात्पुरतं गेलेत, परत येतील, जुना पत्ता विसरू नका. माझ्या वर्गातली पोरं पुण्याला, हिंजवडीला निघाली तेव्हा सगळीच्या सगळी ३०२ होती. दिवाळीला यायची, बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराचे फोटो दाखवायची, ‘दोन-तीन वर्षं, मग येतोच’ म्हणायची. कुठल्या दिवशी, कुठल्या हप्त्याला त्यांचा शेवटचा आकडा बदलला, हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी २०२० च्या टाळेबंदीत बॅग घेऊन आलो. पंधरा दिवसांसाठी.

आणि काही पत्ते असे, की दारात निरोप्या बसवायला कुणी उरलंच नाही. इथून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचं. थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कुठलं ते सांगणारा हा कुंभार. कोड तपासायला घेतला की मला त्याचीच आठवण येते, आणि बहुतेक वेळा कच्चं मडकं माझंच निघतं. तर या तेरला दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणत. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात ते आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. मग व्यापार आटला, नाव झिजलं, ‘तगर’ पुस्तकात राहिलं आणि ‘तेर’ तेरणेच्या काठावर. मधला दुवा तुटला. तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर विद्वानांनी देवगिरीपासून कुठकुठं बोट ठेवलं. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं ते तेर असल्याचं दाखवून दिलं. एका ३०१ ला एवढा उशीर. गाव मात्र जागचं हललं नव्हतं, गोरोबाकाकांच्या समाधीशी रोज दिवा लागत होता.

मी तक्त्याची लिपी बदलून युनिकोड केली. अशा वेळी उगाच एक वेडी आशा असते, की पान उघडलं तर प्रश्नचिन्हांच्या खालून अक्षरं वर येतील, पाणी निवळल्यावर तळ दिसावा तशी. तसं होत नाही. अक्षर एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलं की मुळात काय होतं ते यंत्रालाही ठाऊक नसतं. खाली काही दडलेलं नसतंच. नाव पुन्हा कुणीतरी घालावं लागतं. म्हणून सातही पुसली आणि एकेक कळ दाबत, तोंडानं पुटपुटत, पुन्हा लिहिलं. ध. काना. र. काना. श. श पाशी बोट थांबलं, मग वेलांटी आली आणि पडद्यावर चटकन श च्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. व.

दे रं बाळा, एक धाराशिव.

चहा टाकून आलो तोवर उजाडत होतं. सर्व्हरच्या नोंदीत एक नवी ओळ पडली होती: कुणीतरी जुन्या पत्त्यावर आलं, ३०१, नव्या पत्त्यावर पोचलं. पाठोपाठ ऑर्डर. पेढे एक किलो, पैसे पुण्याहून, पाठवायचे गावाकडं आईच्या नावे. जिल्ह्याच्या रकान्यात यादीतून निवडलेलं धाराशिव. आणि वरच्या ओळीत, जिथं पत्ता ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचा असतो, तिथं गावाच्या नावापुढं स्वल्पविराम देऊन, जि. उस्मानाबाद.

मी दोन्ही तसंच छापलं आणि चिठ्ठी दुकानाकडं पाठवली.