सगळं अडलंय अर्ध्या अंशावर

पहाटे पावणेपाचला जावयाने मला मागच्या डेकवर पकडलं. पायात त्याचेच बूट, अंगावर लेकीचा कोट आणि पुढे केलेल्या हातावर माझी काळी शाल. आभाळातून त्या शालीवर नेमकं काय पडतंय, ते मी मोबाइलच्या उजेडात बघत होते.

"आई, काय करताय? आत या आधी!"

"अरे थांब, स्लीट सुरू झालं! चार ते सातच्या मध्ये होईल म्हणाले होते. झालं की नाही?"

पासष्ट वर्षं पुण्यात काढलेल्या बाईने असं वेडावून जावं, यावर माझाच विश्वास बसत नाही. बँकेत जायला मी जन्मभर शिवाजीनगरला सिमला ऑफिसपाशी बसची वाट पाहिली. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. पण आत माणसं करतात काय, हे विचारायची बुद्धी मला एकदाही झाली नाही. 'वेधशाळेने पाऊस सांगितलाय, आता छत्री नको' हा एकच विनोद तेवढा आयुष्यभर पुरवून वापरला. अक्कल आली ती मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला, लेकीच्या घरी, ऐन जानेवारीत.

सुरुवात झाली रविवारी. फोनवर गुरुवारच्या रकान्यात एक ढग, त्याखाली एक बर्फाची चांदणी आणि शेजारी एक थेंब.

"हे काय गं?"

"मिक्स आहे," लेक म्हणाली.

"मिक्स काय? फरसाण आहे का?"

माझी भुणभुण थांबेना, तेव्हा जावयाने लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि नॅशनल वेदर सर्व्हिसचं 'फोरकास्ट डिस्कशन' उघडून दिलं. देशभरात त्यांची १२२ अंदाज कार्यालयं आहेत. आमच्या भागाचं नॉर्टन गावात आहे. तिथले हवामानतज्ज्ञ पाळी संपवताना आपण काय विचार केला ते साध्या मजकुरात लिहून ठेवतात, आणि ते कुणीही वाचू शकतं. टेलिप्रिंटरच्या काळातली सवय म्हणून २०१६ पर्यंत हे सगळं अखंड कॅपिटल अक्षरांत यायचं म्हणे!

मी वाचत गेले आणि चहा गार झाला. कारण त्यात कुठेही 'असं होईल' असं ठोकून दिलेलं नव्हतं. अमेरिकी मॉडेल वादळ किनाऱ्याजवळून नेतंय, युरोपीय मॉडेल जरा लांबून, आमचा कल अमुक बाजूला, कारण अमुक, भरवसा कमी. सरकारी कचेरीत बसलेला माणूस आपल्याला काय कळलेलं नाही ते इतकं व्यवस्थित मांडून ठेवतो? बँकेत इतकी वर्षं काढली, असा कागद मी एकदाही पाहिला नव्हता.

मग मला ती मुख्य गंमत कळली. हिवाळ्यात इथे पडणारा बहुतेक थेंब वर ढगात बर्फ म्हणूनच जन्मतो. तो खाली काय होऊन पोचणार, हे वाटेत ठरतं. सगळी वाट थंड असली तर स्नो. मध्ये, समजा दीड-दोन किलोमीटरवर, उबदार हवेचा थर घुसला आणि तिथे तापमान शून्याच्या वर एक ते तीन अंश असलं, तर चांदणी अर्धवट वितळते, खालच्या थंडीत पुन्हा गोठते आणि साबुदाण्याएवढी गोळी होऊन खिडकीवर टपटपते. ते स्लीट. थर तीन अंशांच्या वर गेला तर पूर्ण पाणी होतं. खाली जमिनीलगत थंडीचा पातळ पापुद्रा असेल, तर त्या पाण्याला हवेत गोठायला वेळच मिळत नाही. ते पाणी म्हणूनच पडतं आणि फांदीला, तारेला, पायरीला शिवताक्षणी काच होतं. हा फ्रीझिंग रेन. आणि खालीही ऊब असली तर आपला साधा पाऊस!

म्हणजे एक इंच पाण्याचे ढोबळमानाने दहा इंच स्नो होतील किंवा दोन-तीन इंच स्लीट. नाहीतर झाडं मोडणारी काच, नाहीतर नुसता ओला रस्ता. आणि हे सगळं अडलंय कुठे? डोक्यावर दीड किलोमीटरवर, अर्ध्या अंशावर!

'काचे'बद्दल शेजारच्या बाईंनी सांगितलं. डिसेंबर २००८ मध्ये या भागात तसा पाऊस झाला. रात्रभर झाडं मोडत होती आणि फटाके फुटल्यासारखे आवाज येत होते. न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्क मिळून दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली, काहींची दोन आठवडे आली नाही. हे ऐकल्यापासून 'मिक्स'ला मी फरसाण म्हणत नाही.

सोमवारी मला शेवया दिसल्या. ते युरोपीय मॉडेल चालवणारं केंद्र एकच अंदाज काढून थांबत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून पन्नास आणि मूळचा एक, असे एक्कावन्न काढतं. नकाशावर त्या सगळ्या रेषा एकदम काढल्या की खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या दिसतात. सोमवारी शेवया पार विस्कटलेल्या होत्या, मंगळवारी जवळ आल्या, बुधवारी जवळपास जुडी झाली. एवढासा फरक केल्याने इतका गोंधळ का, तर ते शोधणारे एडवर्ड लोरेन्झ इथून तासाभरावर, एमआयटीत होते. १९६१ मध्ये त्यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ दिलं आणि काही वेळाने पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. बँकेत आम्ही पैशांचे दशांश रुपयात गुंडाळायचो, ते आठवून अंगावर काटा आला.

बुधवारी मी नकाशा घेऊन बसले. वूस्टर ते बॉस्टन म्हणजे साधारण पुणे-लोणावळा. पण बॉस्टन समुद्राकाठी आणि जानेवारीतही तो समुद्र शून्याच्या चार-पाच अंश वर. वारा पूर्वेचा झाला की बॉस्टनला पाऊस. आमचं वूस्टर टेकड्यांवर, विमानतळ तर तीनशे मीटरवर, म्हणून इथे बर्फ. पलीकडे कनेटिकट नदीच्या खोऱ्यात थंड हवा घंगाळातल्या पाण्यासारखी साचून बसते. जड असते, हलत नाही, आणि दक्षिणेची उबदार हवा तिच्या डोक्यावरून सरकते. एकाच वादळात एकाच वेळी तीन गावांना तीन वेगळ्या गोष्टी!

माठाची गोष्ट तर मला सांगितल्यावाचून राहवत नाही. बुधवारी संध्याकाळी बाहेर दोन-अडीच अंश होते. मी म्हटलं, संपलं, पाऊसच येणार. पण डिस्कशनमध्ये होतं की हवा कोरडी आहे; पडणाऱ्या बर्फातला थोडा हवेतच विरेल आणि हवा गारेल. अहो, हे तर माठाचं तत्त्व! मी थर्मामीटरसमोर खुर्ची टाकून बसले. सव्वानऊला बर्फ सुरू झाला, आणि पारा उतरत उतरत दहाला शून्यावर येऊन बसला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

चुकतात का? चुकतात की. जानेवारी २०१५ मध्ये न्यू यॉर्क शहराला दोन-अडीच फुटांपर्यंत बर्फाचा इशारा होता, भुयारी रेल्वे बंद केली होती. सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. लोक चिडले. पण त्याच वादळाने आमच्या वूस्टरवर ३४.५ इंच ओतला, इथला विक्रम. वादळ आलं होतं, फक्त काठ जरा पूर्वेला सरकला होता. मी ज्या विनोदावर आयुष्यभर हसले, तो त्या सरकलेल्या काठावरच उभा होता.

मग ती पहाट. चार वाजता जाग आली, कारण आवाज बदलला होता. बर्फाला आवाज नसतो. आता काचेवर तांदूळ पाखडल्यासारखं वाजत होतं. डेकवर जाऊन शाल पुढे केली. आधी सहा टोकांची एक चांदणी पडली, अगदी चित्रातल्यासारखी. तिच्या शेजारी एक गोळी टप्पकन पडली, उसळली आणि थांबली. मागोमाग दुसरी, तिसरी, मग चांदण्या बंदच झाल्या. डोक्यावर दीड किलोमीटरवर ऊब येऊन पोचली होती आणि मला ती शालीवर दिसत होती! रोज संध्याकाळी इथल्या सातच्या सुमारास लाँग आयलंडवरच्या अप्टनहून त्या थरांचं तापमान मोजायला फुगा सोडतात. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत आलेले असतात, आणि सांताक्रूझहूनही तसाच फुगा गेलेला असतो. माझ्या डोक्यावरून एवढी वर्षं ते फुगे जात होते आणि मी बसचा नंबर बघत होते.

आत येऊन मी डिस्कशन उघडलं. पोटमजकुरात एक नवी ओळ आली होती: सकाळी थोडा वेळ फ्रीझिंग रेन शक्य.

जावई किल्ल्या घेऊन दारात उभा. "आई, निघू का मी?"

मी बाहेर हात काढून बघितलं. गोळ्या बारीक व्हायला लागल्या होत्या, मधूनच एखादा ओला थेंब.

"दहापर्यंत थांब," मी म्हटलं. "भरवसा मध्यम."