चांदबिबीच्या महालावरून दिसणारी सकाळ

हिवाळ्यात अहिल्यानगरला जाण्याचा योग आला, तर एका सकाळी चांदबिबीच्या महालाकडे अवश्य जावे. शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या रस्त्याला, डोंगरमाथ्यावर ही तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. नाव चांदबिबीचे असले, तरी ती आहे निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर. गाडी वरपर्यंत जाते. त्यामुळे ज्येष्ठांनाही हे स्थळ अवघड नाही.

माझे वडील ऐंशीच्या घरातले. पहाटे पाचची फेरी हे त्यांचे व्रत. थंडीत खोकला बळावतो, धाप लागते. तरी ‘पहाटेची हवा म्हणजे औषध’ या श्रद्धेपुढे आमचे काही चालेना. म्हणून गेल्या थंडीत त्यांना घेऊन सूर्योदयापूर्वीच या डोंगरावर गेलो.

आपणही तेथे उभे राहून पश्चिमेकडे पाहा. वरचे आकाश निरभ्र असते. खाली मात्र भिंगार, सावेडी, केडगाव एका करड्या, सपाट थराखाली झाकलेले दिसतात. आपण त्याला धुके म्हणतो, पण ते सगळेच धुके नसते. थंड रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि वरच्या उबदार हवेचे जणू झाकण तिच्यावर बसते. वाहनांचा धूर, शेकोट्या, पेटवलेला कचरा, चुली यांचे सारे उत्सर्जन त्या झाकणाखाली कोंडून राहते. जिल्ह्यात याच काळात ऊसगाळपाचा हंगाम असतो. तोडणीनंतर काही शेतांत पाचटही पेटवले जाते.

या धुरात कार्बन मुख्यतः दोन रूपांनी वावरतो, आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते ती काजळी; ती उन्हाने उडून जात नाही. दुसरे रूप फोडणीच्या वाफेसारखे. गरम असताना ती हवेत विरते, गार भिंतीला लागली की तिचा ओशट थर होतो. हवेतही तसेच घडते. गारवा वाढला की धुरातील वाफा सूक्ष्म कणांवर जमतात आणि कणांचा भार वाढतो. ऊन चढले की त्यांतला काही भाग पुन्हा वाफ होतो. प्रयोगशाळेत गाळणकागदावर जमवलेले कण टप्प्याटप्प्याने तापवतात, तेव्हा हा उडून जाणारा कार्बन आधी सुटतो. काजळी अखेरीस, प्राणवायू दिल्यावरच जळते.

यांतले २.५ मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि हृदयालाही अपाय करतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे.

सुमारे दहा वाजता तो थर विरळ झाला, शहर उलगडले. वडील बराच वेळ पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचला चहा झाला, पण काठी त्यांनी साडेनऊला हाती घेतली.

आपल्या घरातील ज्येष्ठांसाठीही एवढे करता येईल. थंडीत फेरी बंद करू नका, तिची वेळ बदला; सकाळी ऊन चांगले वर आल्यावर किंवा दुपार कलल्यावर, अंधार पडण्यापूर्वी चाला. काजळीला ऊन हटवत नाही, म्हणून हमरस्ता टाळून आतली गल्ली किंवा मैदान निवडा. साध्या रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी नीट बसली तरच उपयोगी पडते, आणि दम्याच्या रुग्णांनी ती वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बंद खोलीत डासांची कॉइल, धूप किंवा शेगडी पेटती ठेवू नका. छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि घरचे ज्येष्ठ ऐकत नसतील, तर वाद घालू नका. एखाद्या पहाटे त्यांना उंचावर न्या आणि खालची हवा त्यांच्याच डोळ्यांनी पाहू द्या.