फरक आणि योगायोग

नव्या दिल्लीतील पुसा येथील कृषी सांख्यिकी संस्थेच्या इतिहासात दोन मराठी नावे ठळक आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत सांख्यिकीचा पाया घातला. इंदूरला कापसाच्या संशोधनात मुरलेले वि. गो. पानसे यांनी ते कार्य पुढे वाढविले. या दोघांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. ग्रीक अक्षरावरून नाव पडलेली काय-वर्ग कसोटी शेतीच्या अनेक अभ्यासकांना अशाच पाठांतून परिचित झाली. साहित्याच्या अभ्यासकानेही ती परकी मानण्याचे कारण नाही.

‘अमुक पिढीची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे’, असे विधान आपल्याकडे सहज केले जाते. समजा, दोन पिढ्यांच्या गद्यातून प्रत्येकी १०० शब्द यदृच्छेने निवडले. पहिल्या गटात ६० तत्सम निघाले, दुसऱ्यात ४५. फरक डोळ्यांना दिसतो. पण तो केवळ निवडीचा योगायोग नसेल कशावरून? कसोटी प्रथम विचारते की, दोन्ही पिढ्यांत मुळीच भेद नसता तर काय आढळले असते? उत्तर, प्रत्येकी साडेबावन्न. चारही घरांत प्रत्यक्ष व अपेक्षित संख्यांतील अंतराचा वर्ग करावा, त्यास अपेक्षित संख्येने भागावे आणि बेरीज घ्यावी. ती सुमारे ४.५१ येते.

ही बेरीज पुरेशी मोठी आहे काय? कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली कसोटी मांडली, तेव्हाच्या त्यांच्या गणितानुसार अशा चौकटीस ७.८१ ची मर्यादा लागली असती आणि विधान टिकले नसते. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली दाखविले की, बेरजा कायम धरल्यावर एका घराची संख्या ठरली की उरलेली तीन आपोआप ठरतात. म्हणून पाच टक्के पातळीवरील मर्यादा ३.८४ च होय. त्या हिशेबाने विधान टिकते.

तरीही दोन प्रश्न उरतातच. ‘देव’, ‘दिवस’ हे शब्द तत्सम खरे, परंतु ते घराघरांत बोलले जातात. त्यांना ‘संस्कृतप्रचुर’ कोणी म्हणावे? वर्ग पाडणे हे अभ्यासकाचे काम आहे, कसोटीचे नव्हे. दुसरे असे की, प्रत्येक नोंद इतरांपासून स्वतंत्र असावी, ही कसोटीची अट आहे. यदृच्छेने वेचलेले शब्द ती बऱ्याच अंशी पाळतात. पण एकाच अभंगातील सलग शब्द मोजले तर ती मोडते, कारण तेथे एक शब्द दुसऱ्याला हाक मारतो आणि ध्रुपद तेच शब्द पुनःपुन्हा आणते. शिवाय सारे शब्द एकाच लेखकाचे असतील, तर आपण पिढी न मोजता एक माणूस मोजलेला असतो.

कसोटी फरकाचे कारण सांगत नाही. ते वाचकालाच शोधावे लागते. पण तुलना करण्यापूर्वी ‘भेद नसता तर काय दिसले असते’ हे स्वतःला विचारण्याची सवय ती लावते. भारतीय साहित्यांच्या तुलनेत हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो.